बचतपत्राला वारस पाहिजे

आयकर भरणारी माणसं वेगळी असतात, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती. त्यांच्या जिन्याला लाकडी कठडा असतो, दारात कुत्रा असतो आणि जेवण झाल्यावर ती सुपारीऐवजी बडीशेप खातात. मी धुळ्याला एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क. देवपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. लग्न राहून गेलं. ते कसं राहून गेलं हे सांगत बसलो तर आयकराचं राहून जाईल. त्यामुळे ब्याण्णव सालच्या जानेवारीत आमचा कॅशियर रतिलाल टेबलाशी येऊन "नाना, यंदा तुम्ही बसले बरं का," असं म्हणाला, तेव्हा मी खाली खुर्चीकडे पाहिलं. मी बसलेलाच होतो.

"इन्कम टॅक्समध्ये बसले," रतिलाल म्हणाला. "महागाई भत्ता वाढला ना, त्यानं घात केला. फेब्रुवारीच्या पगारातून कापावा लागेल. वाचवायचा असेल तर कुठंतरी बचत करा आणि पावती आणा. वीस तारखेला बिल ट्रेझरीत जाईल. त्यानंतर मी तुमचा नाही."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट छाती जरा पुढे आली. देशाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. तोवर घरमालक सोडला तर कुणालाच माझ्याकडून काही नको होतं.

घरी सांगायला माणूस नसलं की बातमी जिन्यात सांगावी लागते. जिन्यात शेजारचे जीवरामभाऊ भेटले. हे एस.टी.त कंट्रोलर होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण अजूनही साधी गोष्ट भोंग्यावरून सांगावी तशी सांगतात.

"बोरसे, लक्ष द्या," ते म्हणाले. "पीपीएफ. पंधरा वर्षं. मध्ये हात लावायचा नाही."

"पंधरा वर्षांनी मी पासष्टचा होईन."

"तेव्हाच तर उपयोगी पडतं! मुलीचं लग्न..." इथं ते थांबले. "बरं, मुलाचं शिक्षण..." पुन्हा थांबले. माझ्याकडे पाहिलं. "म्हातारपण," असं शेवटी म्हणाले आणि ती गाडी कशीबशी फलाटाला लावून आत निघून गेले.

बचतीच्या योजनांचं हे असं असतं, हे मला पुढच्या आठवडाभरात कळलं. प्रत्येक योजनेच्या पत्रकावर एक नवरा, एक बायको, एक मुलगा आणि एक मुलगी असतात आणि चौघंही लांब कुठंतरी बघून हसत असतात. ऑफिसातल्या एकानं मला विम्याची पॉलिसी घ्यायला सांगितलं. "नाना, माणूस गेल्यावर मोठा फायदा असतो." मी विचारलं, "कुणाला?" तो जरा विचार करून म्हणाला, "तुम्हाला नाही." दुसऱ्यानं सांगितलं, घर बांधा, कर्ज काढा, कर्जावर सूट मिळते. म्हणजे थोडासा कर वाचवण्यासाठी मी आयुष्यभर फेडत बसायचं आणि चार खोल्यांत एकट्यानं फिरायचं. दोन खोल्यांत माझा मला आवाज कमी येतो, तेवढं पुरे आहे.

शेवटी राष्ट्रीय बचतपत्र घ्यायचं ठरलं. ते सहा वर्षांत सुटतं, पोस्टात मिळतं आणि माझ्या हाती आलेल्या पत्रकावर कुटुंब छापलेलं नव्हतं. नुसते सिंह होते.

पोस्टाच्या बचतीची एजंट बेबाबाई रविवारी घरी आली. आमच्या गल्लीतली निम्मी बचत तिच्या रेक्झिनच्या पिशवीतून पोस्टात जाते. तिनं माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून फॉर्म उघडला. मी खाटेवर बसलो.

"नाव?"

"मगन वना बोरसे."

"वय?"

"पन्नास."

"नॉमिनी?"

"म्हणजे?"

"वारस हो, भाऊ. तुमच्या मागे कोण?"

मी मागे वळून पाहिलं. मागे स्टोव्ह होता.

"ते रिकामं सोडा," मी म्हटलं.

"रिकामं चालतं," बेबाबाई म्हणाली. "पण मी सोडू देत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर हे पैसे पोस्टात तसेच बसून राहतील. कुणी न्यायलाच येणार नाही. तुम्ही विचार करा, मी फॉर्म ठेवून जाते."

ती गेली आणि मी विचार करत बसलो. दोन दिवस मला ती माझी रक्कम दिसत होती. पोस्टाच्या बाकावर एका कडेला बसलेली. सगळे आपापले पैसे घेऊन चाललेत, शिपाई केर काढतोय आणि हिला म्हणतोय, पाय वर घ्या.

मला कुणीच नाही असं नव्हतं. शिंदखेड्याला मोठा भाऊ होता, तोताराम. आम्ही सगळे त्याला आबा म्हणतो. पण सात वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं. आत्या होत्या, मावस भाऊ होते, दूध घालणाऱ्याचं नाव होतं. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारं एक पाळण्यातलं पोर होतं. मुलीचा सख्खा काका मात्र नव्हता. मी ती पत्रिका उलटी करून मागची बाजूसुद्धा वाचली. मागे छापखान्याचा पत्ता होता. मी लग्नाला गेलो नाही. आबानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अशा माणसाचं नाव मी माझ्या फॉर्मवर लावणार नव्हतो. माणसाला काही मान असतो आणि आता तर मी आयकरदाता होतो.

म्हणून मी रतिलालला चहाला नेलं. रतिलाल मनानं फार चांगला. पण तो गोष्टीचं शेपूट आधी धरतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

"रतिलाल," मी म्हटलं, "माझ्या मागे तुझं नाव लावलं तर चालेल का?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "नाना, असं काय बोलता?"

"बेबाबाईनं विचारलं. उद्या काही झालं तर कोण, म्हणून. तेव्हापासून डोक्यातून जात नाही."

"किती... किती सांगितलीत?"

"सहा वर्षं."

रतिलालचे डोळे भरून आले. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "सहा म्हणजे खूप झाली, नाना. लोकांना सहा महिने मिळत नाहीत."

व्याजाच्या बाबतीत हा माणूस इतका हळवा असेल असं मला वाटलं नव्हतं. कॅशियर असल्यामुळे असेल, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात माझा मान एकदम वाढला. वरच्या फळीवरची फाईल काढायला मी स्टुलावर चढलो तर दोघांनी धरून खाली उतरवलं. ज्या साहेबांनी मला अकरा वर्षांत कधी 'बसा' म्हटलं नव्हतं, त्यांनी केबिनमध्ये बोलावून 'बसा' म्हटलं आणि रेकॉर्डच्या कपाटाच्या किल्ल्या ज्युनिअरकडे देऊन टाका, असं अतिशय प्रेमानं सांगितलं. "तुम्ही आता फक्त आराम करा, बोरसे. शासन तुमची सेवा विसरणार नाही." कर भरणाऱ्याला शासन एवढं मानतं याची मला कल्पना नव्हती. एवढी वर्षं उगाच कराच्या बाहेर राहिलो, असं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी जीवरामभाऊंची बायको कुंदाबाई ताटलीवर ताटली झाकून आल्या. आत मऊ भात. तिखट नाही, मीठही जेमतेम. त्यांच्या स्वतःच्या घरातून मात्र शेवभाजीचा असा झणका येत होता की माझे डोळे पाणावले. ते पाहून कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मागोमाग जीवरामभाऊ आले. माझ्याकडे न बघता भिंतीशी बोलायला लागले.

"बोरसे, स्पष्ट विचारतो. मुंबईला दाखवलं का?"

"मुंबईला कशाला? इथं पोस्टात होतं की काम."

"पोस्टात?"

"हो. फक्त मागे कोण ते ठरत नाहीये. रतिलालला विचारलंय."

"पण दुखतं कुठं?"

"दुखत काहीच नाही."

"शेवटी शेवटी दुखत नाही म्हणतात," कुंदाबाई हळूच म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेले दोन दिवस लोक आयकरदात्याला मान देत नव्हते, ते मला निरोप देत होते. मी ताडकन उभा राहिलो आणि सांगितलं, मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे, हे बचतपत्राचं प्रकरण आहे, सहा वर्षं ही त्याची मुदत आहे, माझी नाही. आवाजही बराच चढवला. जीवरामभाऊ बायकोला म्हणाले, "पाहिलं? किती धीराचा माणूस."

मरत नाही हे सिद्ध करायला कुठला कागद लागतो, हे मला ऑफिसात एवढी वर्षं काढूनही माहीत नव्हतं. हयातीचा दाखला असतो, पण तो आजच्यापुरता. मी जितकं नाकारलं तितकी माणसं हळवी होत गेली आणि रोज संध्याकाळी यायला लागली. वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आलं. ज्याच्याशी नळाच्या पाण्यावरून माझं बोलणं नव्हतं तो समोरचा आला आणि म्हणाला, "नाना, पाणी पहिल्यांदा तुम्ही भरत जा." ऑफिसातली माणसं येताना केळी आणायची. एकानं फैजपूरहून वैद्याची मात्रा आणली. मी जीवरामभाऊंकडून तीन खुर्च्या मागून आणल्या आणि अर्धा डझन कप घेतले. दुधाची दुसरी पिशवी लावली.

तिसऱ्या संध्याकाळी असं झालं की कुणीतरी आमच्या साहेबांची नक्कल करत होतं, खोली हसत होती, कुंदाबाई माझ्या स्टोव्हवर चहा करत होत्या आणि मला बडीशेपेचा ठसका लागला. नक्कल अर्ध्यावर थांबली. समोरच्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला, कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. 'बडीशेप आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. पाठीवरचा हात थोडा वेळ तसाच राहू दिला. सगळे गेल्यावर कप विसळताना मला माझाच राग आला. पण कप सहा होते आणि सहाही उष्टे होते. ते पाहून राग फार टिकला नाही.

वीस तारीख उजाडली. बिल जायचा दिवस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोस्टाची खिडकी दोनला बंद होणार, त्याच्या आत बचतपत्र घ्यायचं आणि पावती रतिलालच्या हातात द्यायची. वारसाची जागा रिकामी ठेवून तरी हे प्रकरण आज मिटवायचं, असं ठरवून मी इस्त्रीचा शर्ट घातला, पैसे खिशात ठेवले आणि दाराला कुलूप लावत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

आबा होता. हातात पिशवी, टोपी घामानं भिजलेली. सात वर्षांत केवढा वाळला होता. कठडा धरून उभा राहिला आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिला.

"कुठं चालना?"

"पोस्टात."

"असा तब्येतमां?"

"तुला कुणी सांगितलं?"

त्यानं खिशातून तार काढली. 'मगन सिरीयस. ताबडतोब निघा.' खाली रतिलालचं नाव. पत्ता त्यानं माझ्या सर्व्हिस बुकातून काढला असणार. "काल सांजले उनी," आबा म्हणाला. "रातभर डोयाले डोया लागना नही. पहिली गाडी धरी."

मी कुलूप काढलं. त्याला आत घेतलं. "आबा, मला काही झालेलं नाही. हे सगळं त्या टॅक्सचं..."

"खरं सांग."

ऑफिसात मी छापील मराठी बोलतो. हेडक्लार्कला ते शोभतं. पण त्या क्षणी तोंडातून एकदम घरचं निघालं. "मायनी आन, आबा. मी चांगला शे."

आईची शपथ ऐकल्यावर त्याचा विश्वास बसला. खाली बसला, टोपी काढली, डोकं पुसलं. मग संतापला.

"टॅक्स वाचाडासाठे तू मराले बठना?"

"मी नाही बसलो. लोकांनी बसवलं."

"आनि तू मराना शिवाय माले बलावनार नही, आसंच ना?"

"तू तरी कुठं बोलावलंस?" मी म्हटलं. सात वर्षं दाबून ठेवलेलं होतं, ते बाहेर आलं. "पत्रिकेत दूधवाल्याचं नाव होतं, आबा. दूधवाल्याचं!"

आबानं कपाळावर हात मारला. "येडा! तुनं नाव बठ्ठास्ना आगोदर व्हतं. पहिली वळ. छापखानावालानी गनपती मोठा घिदा आनि वरनी वळ कापी टाकी. आमना हातमां पत्रिका उन्यात तवय लगीन चार दिनवर व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारं काबरं नही?"

म्हणजे माझ्या नावाची पहिली ओळ मोठ्या गणपतीखाली गेली होती. सात वर्षं मी ज्या भावावर रागावून बसलो होतो त्याचा काही संबंध नव्हता. माझं सगळं भांडण गणपतीशी होतं.

मी चहा केला. आबानं पिशवीतून दादर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा काढला. "वहिनीनं दिन्हं. म्हने, खावाई ऱ्हायनं तं दे." आम्ही खाल्लं. खाऊन तो खाटेवर जरा आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. रात्रभर जागलेला माणूस. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. वडील असेच झोपायचे.

साडेबारा वाजले होते. पोस्ट पायी दहा मिनिटांवर. मी शर्ट नीट केला, फॉर्म घेतला, दारापर्यंत गेलो. मग वाटलं, हा जागा झाला आणि घरात कुणीच नसलं तर? एवढ्या लांबून आलाय. निदान डोळे उघडेल तेव्हा समोर असावं. मी परत येऊन खुर्चीवर बसलो. एक वाजला, दीड वाजला. त्याच्या अंगावर माशी बसली तर मी ती फॉर्मनं हाकलत होतो. दोन वाजले तेव्हा पोस्टाची खिडकी बंद झाली असणार. मला ते कळलं आणि त्याचं काही वाटलं नाही, याचंच थोडं नवल वाटलं.

तो पाचपर्यंत झोपला. तोवर संध्याकाळची माणसं यायला लागली. दारातून त्यांना खाटेवर एक माणूस निपचित पडलेला दिसला, उशाशी टोपी. आणि शेजारी मी, हातात कागद घेऊन, मान खाली घातलेला. सगळे हळूहळू आत येऊन हात जोडून उभे राहिले. कुंदाबाईंनी भाताची ताटली आबाच्या उशाशी ठेवली. समोरचा शेजारी रुमाल काढून नाक ओढायला लागला. त्या आवाजानं आबा जागा झाला. डोळे उघडले तर चहूबाजूंनी हात जोडलेली माणसं.

तो धडपडत उठून बसला. "काय व्हयनं? कोन मरनं?"

त्यानंतर सगळ्यांना सगळं सांगावं लागलं. आबानंच सांगितलं, दणदणीत आवाजात. माझ्या तोंडचं इतके दिवस कुणाला खरं वाटलं नव्हतं, भावाच्या तोंडचं लगेच वाटलं. मग कुंदाबाई जरा रागानंच म्हणाल्या, "नाना, तुम्ही सांगायचं तरी."

"मी सांगत होतो."

"नीट सांगायचं," असं म्हणून त्यांनी भाताची ताटली उचलली. जीवरामभाऊंनी तिन्ही खुर्च्या उचलल्या. मी ती मात्रा खाल्ली का, अशी फैजपूरवाल्यानं चौकशी केली. मी खाल्ली नव्हती, तर त्यानं परत मागून घेतली. पाणी कोण आधी भरणार हा विषय समोरच्यानं काढला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याची बादली पुन्हा पहिली होती.

रतिलाल सगळ्यांत शेवटी निघाला. फार ओशाळला होता. "नाना, बिल गेलं. टॅक्स कापला. पण बचतपत्र मार्च संपायच्या आत घेऊन ठेवा आणि रिफंड मागा."

"रिफंड मिळतो का?"

"मिळतो की. तुम्हाला नाही मिळाला तरी वारसाला मिळेल."

सकाळी आबा माझ्याबरोबर पोस्टात आला. खिडकीवरच्या क्लार्कनं फॉर्म घेतला, वारसाच्या ओळीशी थांबला. मी सांगितलं, "तोताराम वना बोरसे. नातं, भाऊ."

"वय?"

"अठ्ठावन्न."

क्लार्कनं चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "हे तुमच्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत. वारस लहान लावतात हो."

"तसा नियम आहे का?"

"नियम नाही. पण कोण आधी, कोण मागून, याचा काही विचार?"

आबा पुढे झाला, खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "तुमी लिखा, साहेब. ते आमी दोन्ही भाऊ आपसमां देखी लेसूत."

क्लार्कनं लिहिलं.

स्टँडवर शिंदखेड्याची गाडी लागलेलीच होती. आबाला खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं गजातून हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली. "पुढली येळले मरानी वाट नको देखू, मगन. नुसतं बलाव. मी येसू."

गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर गेली. धूळ खाली बसली. मी हात वर करून तसाच उभा होतो, घरी जायची काही घाई नव्हती. शेजारच्या फलाटावरच्या गाडीचा कंडक्टर मला पाहून पायरीवरून ओरडला, "ओ नाना, यायचंय का? कुठं जायचंय?"

"कुठं नाही," मी म्हटलं. मग त्याला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं, "भावाला पोचवायला आलो होतो."